सर्वांत मोठा पक्ष म्हणजेच सरकार? ब्रिटनमध्ये तसं नाही

ब्रिटनची निवडणूक जवळ आली की एक समज हमखास फिरतो: बहुमत कुणालाच नसेल, तर सर्वाधिक जागांच्या पक्षाचाच सत्तेवर पहिला हक्क. असा नियमच नाही. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचा विश्वास कुणाला मिळेल एवढंच पाहतात. ते ठरेपर्यंत आधीचा पंतप्रधान पदावर राहतो, असा संकेत आहे.

१९२३ मध्ये हुजूर पक्षाला २५८ जागा, मजूर पक्षाला १९१. तरी जानेवारी १९२४ मध्ये हुजूर पक्षाचे पंतप्रधान बाल्डविन सभागृहातल्या मतदानात हरले आणि मजूर पक्षाचे मॅक्डोनल्ड पंतप्रधान झाले. फेब्रुवारी १९७४ च्या निवडणुकीनंतर तर हुजूर पक्षाचे पंतप्रधान हीथ मजूर पक्षापेक्षा चार जागांनी मागे पडूनही उदारमतवादी पक्षाशी बोलणी करत होते. ती फिसकटल्यावरच त्यांनी राजीनामा दिला.

२०१० मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान ब्राऊन निवडणुकीनंतर पाच दिवस पदावर थांबले, तर खुर्चीला चिकटल्याची टीका झाली. खरं तर बिचारे संकेतच पाळत होते.