बर्मिंगहॅम मोर्चा परवाना प्रकरण (१९६३–६९)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ॲलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅम शहराने वंशभेदविरोधी मोर्चांना परवाना नाकारला. त्यातून उद्भवलेला वाद, त्यापायी झालेल्या अटका आणि त्यांवर तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६७ व १९६९ मध्ये दिलेले दोन निकाल या नोंदीत घेतले आहेत. एप्रिल–मे १९६३ चे मूळ आंदोलन पोलिसी कुत्रे आणि पाण्याचा मारा यांच्या छायाचित्रांमुळे सर्वपरिचित आहे. त्यामुळे त्याचा वृत्तान्त येथे थोडक्यात दिला आहे. परवान्याचा धागा मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला. शांततेने निघालेला मोर्चा, पोलिसांचा अधिकार आणि भाषणस्वातंत्र्य यांची खरी गाठ याच धाग्यात पडलेली दिसते.

परवाना पद्धतीचा उगम : अमेरिकन शहरांत मोर्चासाठी आगाऊ परवाना घेण्याची सक्ती केव्हा सुरू झाली, याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार शिकागोतील १८८६ च्या हेमार्केट बाँबस्फोटानंतर कामगार सभांची जी धास्ती बसली, तीत या सक्तीचे मूळ आहे. दुसरे मत तिचा संबंध साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाच्या ढोल-ताशांच्या मिरवणुकांशी जोडते. मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स येथील अशा मिरवणुकीचा खटला १८८६ सालचाच आहे, आणि १८८८ मध्ये कॅन्ससच्या न्यायालयानेही अशाच एका नियमाला रद्दबातल ठरवले. उपलब्ध निकालांचा क्रम पाहता दुसऱ्या मताकडे झुकावेसे वाटते. कामगारांच्या भीतीने पद्धत फोफावली असेल, पण तिची भाषा त्याआधीच तयार होती.

या आरंभीच्या निकालांत न्यायालये पुष्कळदा मिरवणूकवाल्यांच्या बाजूची होती, हे सहसा विसरले जाते. वारे फिरले ते बॉस्टनच्या खटल्यात. बॉस्टन कॉमन या सार्वजनिक मैदानावर विनापरवाना प्रवचन करणाऱ्या डेव्हिस नावाच्या धर्मोपदेशकाला शिक्षा झाली. घरमालक जसा आपल्या घरात कोणाला बोलू देणार नाही, तसेच शहरही आपल्या जागेत बोलण्यास मनाई करू शकते, असे १८९५ मध्ये ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी राज्य न्यायालयात म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने १८९७ मध्ये ते उचलून धरले. पुढे भाषणस्वातंत्र्याचे कैवारी म्हणून गाजलेले होम्स ते हेच.

ही भूमिका १९३९ मध्ये हेग खटल्यात मोडली. जर्सी सिटीचे महापौर फ्रँक हेग यांनी कामगार संघटनांच्या सभा बंद पाडल्या होत्या. रस्ते आणि उद्याने अनादि काळापासून लोकांच्या सभा-चर्चांसाठी विश्वस्तभावाने राखलेली आहेत, असे न्यायमूर्ती ओवेन रॉबर्ट्स यांनी लिहिले. ‘अनादि काळापासून’ हे इतिहास म्हणून टिकत नाही. बॉस्टनचा निकाल जेमतेम चार दशकांपूर्वीचा होता. शिवाय रॉबर्ट्स यांच्या मताला बहुसंख्य न्यायमूर्तींची साथ नव्हती. तरीही पुढच्या जवळजवळ प्रत्येक खटल्यात हेच वाक्य आधाराला घेतले गेले. दोन वर्षांनी न्यू हॅम्पशरमधील कॉक्स खटल्यात (१९४१) दुसरी बाजू स्पष्ट झाली : वेळ, जागा आणि पद्धत यांपुरता मर्यादित परवाना शहर मागू शकते, मात्र बोलण्याचा आशय पाहून तो देता-नाकारता येणार नाही.

बर्मिंगहॅमचा उपविधी : शहराच्या १९४४ च्या संहितेतील कलम ११५९ नुसार रस्त्यांवर मोर्चा, मिरवणूक किंवा अन्य सार्वजनिक निदर्शन करण्यासाठी शहर आयोगाचा (कारभार पाहणाऱ्या तीन आयुक्तांच्या मंडळाचा) परवाना लागे. लोककल्याण, शांतता, सुरक्षितता, आरोग्य, सभ्यता, सुव्यवस्था, नीती किंवा सोय यांपैकी कशासाठीही आयोगाला आपल्या मते नकार आवश्यक वाटला, तर परवाना मिळत नसे. या यादीत न बसणारे कारण शोधणे कठीण आहे.

व्यवहारात काय चाले हा निराळा प्रश्न होता. इतर संघटनांना परवाने पोलिसांच्या वाहतूक शाखेच्या शिफारशीवरून शहर कारकुनाकडून मिळत. आयोगापुढे अर्ज जातच नसत, असे बचाव पक्षाचे म्हणणे होते. आंदोलकांच्या वाट्याला मात्र वेगळाच अनुभव आला. ३ एप्रिल १९६३ रोजी लोला हेंड्रिक्स या कार्यकर्त्या निदर्शनांच्या परवान्यासाठी नगर कार्यालयात गेल्या. पोलीस आणि अग्निशमन ही दोन्ही खाती हाताखाली असलेले सार्वजनिक सुरक्षा आयुक्त यूजीन ‘बुल’ कॉनर त्यांना भेटले. बर्मिंगहॅममध्ये तुम्हाला निदर्शनांचा परवाना मिळणार नाही, मी तुम्हाला थेट शहराच्या तुरुंगात पोचवीन, अशा आशयाचे त्यांचे उत्तर न्यायालयाच्या कागदपत्रांत नोंदले गेले आहे. दोन दिवसांनी आंदोलनाचे एक नेते रेव्हरंड फ्रेड शटल्सवर्थ यांनी तारेने अर्ज केला. तेव्हा परवाना एकटा आयुक्त देऊ शकत नाही, तो संपूर्ण आयोगाचा विषय आहे, असे कळवण्यात आले.

त्यातच आयोगाचे स्वतःचे अस्तित्वही वादग्रस्त होते. तीन आयुक्तांची पद्धत बंद करून महापौर व नगरपरिषद आणण्याचा कौल मतदारांनी नोव्हेंबर १९६२ मध्ये दिला होता. २ एप्रिल १९६३ च्या फेरनिवडणुकीत आल्बर्ट बूटवेल यांनी कॉनर यांचा पराभव केला. जुन्या आयुक्तांनी मुदत संपेपर्यंत खुर्ची सोडण्यास नकार दिला. २३ मे रोजी ॲलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने बूटवेल यांच्या बाजूने निकाल देईपर्यंत शहरात दोन सरकारे नांदत होती आणि पोलीस मात्र कॉनर यांच्याच हाती होते.

मनाई हुकूम : १० एप्रिलच्या रात्री शहराच्या अर्जावरून राज्य न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम जेंकिन्स यांनी १३९ व्यक्ती आणि दोन संघटना यांना विनापरवाना मोर्चे व निदर्शने करण्यास मनाई केली. हा हुकूम एकतर्फी होता, म्हणजे आंदोलकांना म्हणणे मांडण्याची संधी न देता काढलेला. मध्यरात्रीनंतर तो नेत्यांच्या हाती पडला. गुरुवारी पत्रकार परिषदेत मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) यांनी तो मानणार नसल्याचे जाहीर केले आणि १२ एप्रिल रोजी, गुड फ्रायडेला, ते रस्त्यावर उतरले.

हा निर्णय समजण्यासाठी आदल्या वर्षीचे जॉर्जियातील ऑल्बनी शहर ध्यानात घ्यावे लागते. तेथे जुलै १९६२ मध्ये संघराज्य न्यायालयाचा मनाई हुकूम किंग यांनी पाळला. काही दिवसांतच तो वरच्या न्यायालयात उठला, पण तोवर चळवळीचा जोर ओसरला होता. तेथील पोलीसप्रमुख लॉरी प्रिचेट यांनी लाठी न उगारता, आजूबाजूच्या तुरुंगांत जागा करून ठेवून शिस्तीत अटका केल्या. छायाचित्रकारांना टिपण्याजोगे काही हाती लागले नाही. कॉनर यांचा अविचार नसता तर बर्मिंगहॅमचेही ऑल्बनी झाले असते, असे म्हणणारे अभ्यासक बरेच आहेत.

गुड फ्रायडेच्या मोर्चात सामील झालेल्यांचा आकडा एका निकालात ५०–६०, तर दुसऱ्यात ५२ असा येतो. दोन-दोनच्या रांगेत, फुटपाथवरून, सिग्नल पाळत त्यांनी चार ब्लॉक अंतर कापले आणि तेथे पोलिसांनी त्यांना अडवले. हजार-दीड हजार बघे टाळ्या वाजवत, ओरडत आजूबाजूला होते आणि त्यांतले काही रस्त्यावर सांडले. ईस्टरच्या रविवारी बघ्यांपैकी काहींनी दगड फेकले. एक बातमीदार जखमी झाला. मोर्चेकरी आणि बघे यांतला हा फरक पुढे न्यायालयांनी एकसारखा पाळलेला नाही.

कोठडीत असताना किंग यांनी लिहिलेल्या, १६ एप्रिल अशी तारीख असलेल्या खुल्या पत्रात परवान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. मोर्चासाठी परवाना मागणारा नियम असणे स्वतः गैर नाही. पण वंशभेद टिकवण्यासाठी आणि शांततेने एकत्र जमण्याचा हक्क हिरावण्यासाठी तो वापरला की अन्याय्य ठरतो, असा त्यांचा युक्तिवाद आहे. शहरातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी पोलिसांच्या ‘संयमाची’ वाखाणणी केली होती. तिलाही पत्रात उत्तर आहे.

वॉकर निकाल (१९६७) : न्यायालयाच्या अवमानाबद्दल वायट वॉकर (ज्यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो), किंग आणि शटल्सवर्थ यांच्यासह आठ धर्मोपदेशकांना प्रत्येकी ५ दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड झाला. मनाई हुकूमच राज्यघटनेविरुद्ध आहे, हा बचाव ऐकूनच घेतला गेला नाही. १२ जून १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम केली. न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांनी लिहिलेल्या बहुमताचा गाभा असा : उपविधी घटनाबाह्य असण्याची दाट शक्यता आहे, तथापि न्यायालयाचा हुकूम चुकीचा वाटला तर तो उठवून घेण्यासाठी न्यायालयातच जावे, आधी मोडून मग त्याच्या वैधतेचा वाद घालता येत नाही. यासाठी कॅन्ससमधील कामगार संपाच्या १९२२ च्या निकालाचा आधार घेतला गेला.

सरन्यायाधीश अर्ल वॉरन, डग्लस, ब्रेनन आणि फोर्टास विरोधात होते. घटनाबाह्य कायदा मोडून त्याची परीक्षा घेण्याचा मार्ग नागरिकाला मोकळा असतो; तोच मजकूर न्यायाधीशाच्या हुकमात उतरवला की तो मार्ग बंद होतो, हे त्यांना पटले नाही. बहुमताच्या समर्थकांच्या मते आंदोलकांना हुकूम उठवण्यासाठी दोन दिवस मिळाले होते आणि त्यांनी प्रयत्नही केला नाही. हे खरे आहे. पण गुड फ्रायडे आणि ईस्टर पुढे ढकलता येत नाहीत, आणि धर्मोपदेशकांनी काढलेल्या मोर्चाला त्या दिवसांचाच अर्थ होता. हा विचार केल्यास अल्पमताची बाजू अधिक सबळ ठरते. किंग आणि इतर काही जणांनी ऑक्टोबर १९६७ च्या अखेरीस बर्मिंगहॅमला परत येऊन ही शिक्षा भोगण्यास सुरुवात केली.

शटल्सवर्थ निकाल (१९६९) : त्याच गुड फ्रायडेच्या त्याच मोर्चाबद्दल शटल्सवर्थ यांच्यावर कलम ११५९ खाली वेगळा फौजदारी खटलाही झाला होता. ९० दिवसांचा सश्रम कारावास आणि दंड-खर्च न भरल्यास आणखी ४८ दिवस, अशी ती शिक्षा होती. राज्याच्या अपील न्यायालयाने १९६५ मध्ये ती रद्द केली. फुटपाथवरून चालणे म्हणजे मोर्चा काय, हा त्यातील एक मुद्दा होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये शिक्षा पुन्हा लागू करताना उपविधीचा अर्थ आक्रसून घेतला : वाहतूक आणि लोकांची सोय यांपलीकडे आयोगाला काही पाहता येणार नाही. ही डागडुजी बेताची नव्हती; मूळ शब्दांतून असा अर्थ निघत नाही.

१० मार्च १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. निकाल पुन्हा स्टुअर्ट यांचाच. अधिकाऱ्याच्या मर्जीला काटेकोर, वस्तुनिष्ठ आणि निश्चित निकष नसतील, तर असा परवाना कायदा घटनाबाह्य ठरतो आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा होऊ शकत नाही. चार वर्षांनंतर न्यायालय काय अर्थ लावील हे १९६३ मध्ये कोणाला दिसायला विलक्षण दूरदृष्टी लागली असती, असा शेराही त्यात आहे. अशा रीतीने वॉकर खटल्यात इतरांबरोबर दोषी ठरलेले शटल्सवर्थ त्याच चार ब्लॉकांच्या चालीबद्दल निर्दोष सुटले. दोन्ही निकाल आजही रद्द झालेले नाहीत.

पोलिसी कारवाई : २ मे १९६३ पासून शाळकरी मुले मोर्चासाठी सोळाव्या रस्त्यावरील बाप्टिस्ट चर्चमधून बाहेर पडू लागली. पहिल्या दिवशी शेकडो अटका झाल्या. नेमका आकडा वृत्तान्तागणिक बदलतो. ३ मे रोजी केली इंग्रॅम उद्यानाजवळ कुत्रे सोडले गेले आणि तिवईवर बसवलेल्या अग्निशमन नळांचा मारा झाला. कुत्रा अंगावर झेपावलेल्या तरुणाचे जगप्रसिद्ध छायाचित्र ज्याचे आहे, तो मोर्चेकरी नसून बघ्या होता. कैद्यांसाठी जत्रेचे मैदानही वापरावे लागले. १० मे रोजी आंदोलक आणि शहरातील व्यापारी यांच्यात तडजोड झाली. निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल हजाराहून अधिक विद्यार्थ्यांना शाळांतून काढण्याचा शिक्षण मंडळाचा निर्णय दोनच दिवसांत संघराज्य न्यायालयाने थांबवला.

मुलांना उतरवण्याची कल्पना किंग यांचे सहकारी जेम्स बेव्हल यांची मानली जाते. किंग सुरुवातीला कचरत होते. बेव्हल हे नॅशव्हिलमधील अहिंसा प्रशिक्षणवर्गांतून आलेले. ते वर्ग घेणारे जेम्स लॉसन १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि तेथे त्यांनी गांधीविचाराचा अभ्यास केला होता. अमेरिकन ग्रंथांत या नागपूर वास्तव्याला बहुधा एखादेच वाक्य मिळते.

नंतरचे निकाल : वॉकरची धार पुढे काहीशी बोथट झाली. मेरीलँडमधील एका गोऱ्या वर्चस्ववादी पक्षाच्या सभेवरील एकतर्फी मनाई १९६८ मध्ये अवैध ठरली : दुसऱ्या बाजूला कळवणे शक्य असताना न कळवता असा हुकूम काढता येत नाही. शिकागोजवळच्या स्कोकी गावातील नाझी मोर्चाच्या खटल्यात (१९७७) मनाई कायम ठेवायची तर तिच्यावर तातडीने अपील ऐकले पाहिजे, नाहीतर ती स्थगित करावी, असे ठरले. बर्मिंगहॅमच्या धर्मोपदेशकांना न मिळालेले संरक्षण अशा रीतीने त्यांच्या विरोधकांच्या पंथाला मिळाले.

भारतात याच प्रश्नाचा विचार हिंमतलाल शाह विरुद्ध पोलीस आयुक्त, अहमदाबाद या खटल्यात झाला. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ खालील नियमाने सार्वजनिक रस्त्यावरील सभेसाठी परवानगी सक्तीची केली होती आणि ती कोणत्या निकषावर द्यावी हे सांगितले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७२ मध्ये तो नियम रद्द केला. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी आपल्या मतात हेग खटल्यातील विधानाचा आधार घेतला. हाच अधिनियम आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने लागू आहे.