व्यक्तिगत, सामाजिक व आरोग्य शिक्षण (प्राथमिक शाळा)

स्वतःची काळजी, इतरांशी वागणे, शरीर व मनाचे आरोग्य आणि सुरक्षितता यांचे वर्गात दिले जाणारे शिक्षण. या नावाचा विषय प्रामुख्याने इंग्लंडमधला असून तेथे तो ‘पीएसएचई’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. प्राथमिक टप्पा ५ ते ११ वर्षे वयाचा. वेल्स, स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांचे अभ्यासक्रम वेगळे आहेत.

इंग्लंडच्या शाळांत हा विषय बराच काळ ऐच्छिक होता. २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात त्याची चौकट आली, पण सक्ती नव्हती. त्यामुळे एखादी शाळा त्याला आठवड्याचा तास देई, तर दुसरी सकाळच्या सभेत चार शब्द सांगून मोकळी होई. २०१७ च्या ‘चिल्ड्रन अँड सोशल वर्क’ कायद्याने हे बदलले. सप्टेंबर २०२० पासून सर्व प्राथमिक शाळांत नातेसंबंध शिक्षण आणि सरकारी अनुदानाच्या शाळांत आरोग्य शिक्षण सक्तीचे झाले. कोविडमुळे शाळांना सुरुवात करण्यास काही महिन्यांची सवलत मिळाली. पैशांचे व्यवहार, व्यवसायांची ओळख हे पीएसएचईचे इतर भाग मात्र सक्तीबाहेरच राहिले.

लैंगिक शिक्षण प्राथमिक स्तरावर सक्तीचे नाही. शाळेने ते दिलेच, तर विज्ञानात येणारा भाग सोडून बाकीच्यातून मुलाला काढून घेण्याचा हक्क पालकांना आहे. नातेसंबंध व आरोग्य शिक्षणाबाबत तसा हक्क नाही. वयात येताना होणारे बदल आणि मासिक पाळी हे आरोग्य शिक्षणात मोडतात. पाळी सुरू होण्याआधीच मुलीला ती माहीत असावी, यासाठी हे स्थान योग्यच आहे. कुटुंबांचे निरनिराळे प्रकार शिकवण्यावरून २०१९ मध्ये बर्मिंगहॅममधील काही प्राथमिक शाळांबाहेर पालकांनी निदर्शने केली. आपल्या धोरणाबाबत पालकांशी विचारविनिमय करणे शाळांना बंधनकारक आहे.

विषयाचा खरा कस शिकवण्याच्या पद्धतीत लागतो. वर्गातल्या कुणा मुलाच्या घरी मारहाण होत असेल, कुणाचे आजोबा नुकतेच वारले असतील, आणि शिक्षकाला ते ठाऊक असेलच असे नाही. म्हणून ‘तुझ्या घरी काय होतं?’ असे थेट विचारत नाहीत. बाहुली किंवा गोष्टीतले पात्र पुढे करतात. बाहुलीला कुणीतरी सांगितले आहे, ‘हे कुणालाही सांगायचं नाही.’ तिच्या पोटात गोळा आला आहे. आता तिने कुणाला सांगावे? मुले बाहुलीसाठी उत्तर शोधतात. ज्याला गरज असते तो ते स्वतःसाठी उचलतो. वाढदिवसाची भेट लपवणे आणि कायमचे गुपित ठेवायला लावणे यांतला फरक सहा वर्षांच्या मुलालाही अशा गोष्टीतून कळतो.

प्रश्नपेटीतही हीच काळजी असते. चिठ्ठी प्रत्येकाने टाकायची. विचारायचे काही नसेल तर तसे लिहून टाकायची, म्हणजे लिहिणारा वेगळा उठून दिसत नाही. शिक्षक चिठ्ठ्या आधी वाचतात आणि पुढच्या तासाला वयाला साजेशी उत्तरे देतात. ‘मी कुणालाच सांगणार नाही’ असे वचन मात्र त्यांनी मुलाला कधीही द्यायचे नसते. धोक्याची शंका आली, तर शाळेत बालसुरक्षेसाठी नेमलेल्या व्यक्तीला कळवणे हे त्यांचे कर्तव्य आहे.

गुप्तांगांची खरी नावे शिकवण्याला अनेक पालक बिचकतात. या संकोचाची किंमत मूल मोजते. आपल्या शरीराला कुणी कुठे हात लावला, हे नाव माहीत नसलेले मूल नेमके सांगू शकत नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते उमगत नाही. ‘एनएसपीसीसी’ या बालसंरक्षण संस्थेचा अंतर्वस्त्रांचा नियम याच हेतूचा आहे : अंतर्वस्त्राखालचा भाग खासगी, ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आपला, आणि मन अस्वस्थ करणारी गोष्ट मोठ्या माणसाला सांगायचीच.

बाकीचा पाठ रोजच्या जगण्यातला : पुरेशी झोप, दातांची निगा, ऑनलाइन अनोळखी व्यक्तीशी वागणे, आणीबाणीचा फोन कसा करावा, डोक्याला मार लागल्यास काय करावे. या शिक्षणासाठीची सुधारित सरकारी मार्गदर्शक तत्त्वे जुलै २०२५ मध्ये जाहीर झाली असून त्यांच्या अंमलबजावणीसाठी सप्टेंबर २०२६ ही मुदत ठरवण्यात आली.