क्रिप्टोकोरायन की लॅगेनॅन्ड्रा? नवं पान उलगडण्याआधीच बघा

मत्स्यालयाच्या वनस्पती विकणाऱ्यांकडे लॅगेनॅन्ड्राही सर्रास ‘क्रिप्ट’, म्हणजे क्रिप्टोकोरायन, म्हणून खपते. त्यात विक्रेत्याला फार दोष देता येत नाही. दोन्ही वनस्पती अळू, सुरण आणि शेवळाच्या कुळातल्या. दोघींचं खोड चिखलात आडवं सरपटणारं, पानांचा झुबका जमिनीलगत, आणि पानाचा रंग-आकार पाणी व उजेडानुसार बदलणारा. श्रीलंकेची क्रिप्टोकोरायन वेंड्टी एका टाकीत हिरवी, तर दुसरीत तपकिरी दिसते. त्यामुळे वाढलेल्या पानावरून ओळख पटवायच्या फंदात पडू नये.

बघायचं ते न उलगडलेलं कोवळं पान. क्रिप्टोकोरायनमध्ये ते एकाच कडेपासून गुंडाळलेलं असतं, पाहुणे गेल्यावर चटई गुंडाळतात तसं. लॅगेनॅन्ड्रात पानाच्या दोन्ही कडा आत मध्यशिरेकडे वळतात आणि शेजारी-शेजारी दोन बारीक सुरळ्या दिसतात. फूल नसतानाही ही खूण बघता येते, म्हणून मला ती सगळ्यांत भरवशाची वाटते.

फुलोरा आला तर आणखी बरंच कळतं, पण तो वाचताना सावध राहावं लागतं. शेवळाच्या कोंबाभोवती जसं आवरण असतं, तसं महाछद इथेही आहे. क्रिप्टोकोरायनमध्ये त्याची नळी होते. तळाशी एक फुगीर कोठडी असते. तिच्यात खाली मादी फुलं, वर नर फुलं आणि मध्ये उघडा दांडा. वासाने बारीक माश्या आत शिरतात आणि अडकतात. मादी फुलं आधी तयार होतात, पराग नंतर मोकळे होतात, मग माश्या परागांसह सुटतात. काही जातींत नळी चांगली वीतभर लांब असते, म्हणजे कोठडी चिखलाजवळ आणि तोंड पाण्याच्या वर. लॅगेनॅन्ड्रात अशी लांब नळी नसते, आणि महाछद बऱ्याचदा फटीएवढाच उघडतो.

एवढ्यावर थांबलात तर क्रिप्टोकोरायन स्पायरॅलिस हमखास फसवते. भारतातल्या या जातीची नळी जवळजवळ नसल्यातच जमा आहे. पिळदार, जांभळट महाछद थेट कोठडीवरच उभा राहतो. अशा वेळी कोठडी हलक्या हाताने चिरून आत बघावं. मादी फुलं एकाच वर्तुळात एकमेकांना चिकटलेली असतील तर क्रिप्टोकोरायन. सुटी आणि अनेक ओळींत असतील तर लॅगेनॅन्ड्रा. फळातही हाच फरक उतरतो. पहिलीचं जोडफळ पिकल्यावर टोकाकडून चांदणीसारखं उकलतं, दुसरीची फळं सुटी राहतात.

लॅगेनॅन्ड्राला स्वतंत्र प्रजाती (अनेक जातींचा गट) म्हणून 1852 मध्ये मांडलं ते मुंबई इलाख्यात काम करणाऱ्या निकोल डॅल्झेल यांनी. त्यांनी वर्णन केलेल्या वनस्पतीच्या जातीचं नाव होतं टॉक्सिकारिया, म्हणजे विषारी. अळूकुळातली असल्याने ही पानं तोंडात घालून बघण्याची हौस कुणी करू नये.

पसाराही वेगळा. क्रिप्टोकोरायनच्या साठाहून अधिक जाती भारतापासून न्यू गिनीपर्यंत आहेत. लॅगेनॅन्ड्राच्या जाती त्यामानाने थोड्या, मुख्यतः श्रीलंका आणि दक्षिण भारतात, काही ईशान्येकडे. त्यातल्या बहुतेक ओढ्याकाठच्या दलदलीत पानं हवेत ठेवून वाढतात. क्रिप्टोकोरायनच्या कित्येक जाती मात्र पावसाळाभर पूर्ण बुडून राहतात आणि पाणी ओसरल्यावर फुलतात.

टाकीत लावल्यावर क्रिप्टोकोरायनची पानं काही दिवसांत विरघळून गेली तर घाबरू नका. पाणी, उजेड वा जागा बदलली की ती हे करतेच. खोड टणक असेल तर उपटू नका. काही आठवड्यांत तिथूनच नवी सुरळी वर येते.