रंग उडालेल्या नमुन्यांची नावे: सागरी स्लगच्या वर्गीकरणाची पार्श्वभूमी

गोनिओब्रँकस ग्लेनिआय (केलार्ट, १८५८). हिंदी महासागरातल्या एका सागरी स्लगचे, म्हणजे शंख नसलेल्या समुद्री गोगलगायीचे, नाव आज असे लिहितात. श्रीलंकेत काम करणारे लष्करी डॉक्टर एडवर्ड केलार्ट यांनी १८५८ मध्ये त्याला ‘डोरिस ग्लेनिआय’ म्हटले होते. पुढे बराच काळ तो ‘क्रोमोडोरिस ग्लेनिआय’ होता आणि गेल्या काही वर्षांत ‘गोनिओब्रँकस’ झाला. केलार्ट यांचे नाव कंसात आहे तेही याच कारणाने. प्राणिनामांच्या नियमानुसार एखादी प्रजाती मूळ वंशातून (जवळच्या प्रजातींच्या गटातून; नावातला पहिला शब्द त्याचा) दुसऱ्या वंशात हलवली की पहिल्या नामकर्त्याचे नाव कंसात जाते. सागरी स्लगची कुठलीही यादी काढा, असे कंस पानोपानी दिसतील.

इतकी हलवाहलव होण्यामागे अभ्यासकांची धरसोड नव्हती. ज्या गोगलगायींना शंख असतो, त्यांचा शंख संग्रहालयाच्या कपाटात शंभर वर्षे जसाच्या तसा टिकतो. बहुतेक सागरी स्लगना तो नसतो. जिवंतपणी निळ्या, जांभळ्या, नारिंगी रंगांनी उठून दिसणारा प्राणी अल्कोहोलमध्ये टाकला की आक्रसतो आणि काही काळात फिकट पिवळसर गोळा होऊन बसतो. दूरच्या समुद्रांतून युरोपात पोहोचलेले कितीतरी नमुने असेच होते. त्यामुळे प्रत्येक पिढीने त्या गोळ्यात जे शिल्लक सापडले, त्यावर वर्गीकरण उभे केले.

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८ च्या वर्गीकरणात तर हे प्राणी गोगलगायींच्या शेजारीही नव्हते. त्याने ‘कृमी’ या मोठ्या गटात शंख-शिंपलेवाल्यांची सोय वेगळी केली आणि मऊ अंगाच्यांची वेगळी. त्यामुळे त्याने नाव दिलेला ‘डोरिस’ हा वंश तारामासे, जेलीफिश आणि माखलीच्या पंगतीत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर फ्रान्समध्ये कुव्हिए यांनी हे प्राणी चिरून आतली रचना पाहिली आणि त्यांची जागा गोगलगायींत आहे हे दाखवले. ज्यांचे कल्ले उघड्यावर असतात त्यांना त्यांनी १८१७ मध्ये न्यूडिब्रँक म्हटले. ते नाव आजही टिकून आहे. १८४८ मध्ये मिल्न-एडवर्ड्स यांनी कल्ले हृदयाच्या मागे असलेल्यांचा ‘ओपिस्थोब्रँकिया’ हा मोठा गट केला. तो दीडशेहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिला.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो चित्रांचा धागा. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे जोशुआ आल्डर आणि अल्बनी हँकॉक यांनी १८४५ ते १८५५ या काळात ब्रिटिश न्यूडिब्रँकांवर सचित्र ग्रंथ काढला. जिवंत प्राणी समोर ठेवून केलेली त्यातली रंगीत चित्रे आजही ओळख पटवायला उपयोगी पडतात. याच जोडीकडे भारतातून एक संग्रह गेला. मद्रास प्रांतातले अधिकारी वॉल्टर एलियट यांनी वॉल्टेअरच्या, म्हणजे आजच्या विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर तो जमवला होता. त्यावर १८६४ मध्ये आल्डर-हँकॉक यांनी लेख लिहिला आणि एका देखण्या प्रजातीला ‘कलिंगा ऑर्नाटा’ असे नाव दिले. पूर्व किनाऱ्यावरच्या प्राचीन प्रदेशाचे नाव असे एका वंशाला मिळाले. ते अजूनही वापरात आहे, आणि तिथे नामकर्त्यांच्या नावांभोवती कंस नाही.

केलार्ट यांचे मात्र वेगळे झाले. त्यांची वर्णने त्रोटक होती, आतल्या रचनेबद्दल फारसे काही नव्हते. १८६० मध्ये ते वारले. मागे राहिली ती त्यांची चित्रे, आणि ती न्यूकॅसलला पोहोचली. १९०६ मध्ये चार्ल्स एलियट यांनी ती चित्रे आणि आल्डर-हँकॉक यांच्याकडचे भारतीय नमुने पुन्हा तपासले. हे वॉल्टर एलियटांपेक्षा वेगळे. पेशाने मुत्सद्दी, ब्रिटिश पूर्व आफ्रिकेचे आयुक्त, पुढे जपानमधले राजदूत. हिंदू आणि बौद्ध धर्मांवर त्यांनी तीन खंड लिहिले आणि न्यूडिब्रँकांवर त्यांचा खरा अधिकार होता. चित्रावरून कुठली प्रजाती नक्की ओळखता येते, कुठली नाही, हे त्यांनी एकेक करून नोंदवले. चित्रे जपली गेली नसती तर केलार्ट यांची कितीतरी नावे कागदावरच राहिली असती.

कोपनहेगनच्या रुडॉल्फ बर्ग यांचा मार्ग याच्या उलट. ते गुप्तरोगांचे डॉक्टर होते. रंग गेलेल्या नमुन्यांत जे टिकते तेच त्यांनी धरले: खरवडून खाण्यासाठी असलेली सूक्ष्म दातांची पट्टी आणि प्रजननसंस्था. दातांच्या रांगा मोजून, त्यांचे आकार रेखाटून त्यांनी शेकडो प्रजाती मांडल्या. पण जिवंत प्राणी त्यांनी क्वचितच पाहिलेले असल्यामुळे पाण्यातला स्लग आणि बर्ग यांचे वर्णन यांचा मेळ घालणे पुढच्यांना फार जड गेले. एकाच प्राण्याला दोन-तीन नावे पडली, ती अशा फटींतून.

शंख हाताशी असूनही फसगत झाली, तीही सांगायला हवी. बर्थेलिनिया हा वंश १८७५ मध्ये फ्रान्समधल्या जीवाश्मांवरून मांडला गेला. दोन झडपांचा चिमुकला शिंपला. अर्थातच तो शिंपलावर्गात गेला. १९५९ मध्ये जपानमध्ये कावागुती आणि बाबा यांनी असाच जिवंत प्राणी जाहीर केला. कॉलेर्पा या हिरव्या शैवालावर तो सरपटत होता. त्याला डोके होते, स्पर्शशुंडा होत्या, सरपटायचा पाय होता आणि पाठीवर दोन झडपा. तो शैवालातला रस शोषणाऱ्या स्लगांचाच नातलग निघाला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस डीएनए हाती आला आणि जुन्या चौकटी हलल्या. २०१० च्या सुमाराच्या अभ्यासांत दिसले की रस शोषणारे स्लग न्यूडिब्रँकांपेक्षा फुप्फुसवाल्या गोगलगायींच्या, म्हणजे बागेतल्या गोगलगायीच्या, जवळचे आहेत. ओपिस्थोब्रँकिया हा एका पूर्वजाचा गट उरला नाही. २०१२ मध्ये क्रोमोडोरिसच्या कुळाची फेरमांडणी झाली, आणि ‘गोनिओब्रँकस’ हे अडगळीत पडलेले जुने नाव पुन्हा वापरात आले. ग्लेनिआय आज त्या वंशात आहे तो यामुळेच.

हर्मिसेंडा क्रासिकॉर्निस या स्लगचे उदाहरण अगदी अलीकडचे. शिकणे आणि स्मरण यांच्या अभ्यासासाठी तो अनेक दशके प्रयोगशाळांत वापरला गेला. २०१६ मध्ये निष्पन्न झाले की या एका नावाखाली तीन प्रजाती होत्या. एक आशियाच्या बाजूची, दोन उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या. त्या दोघींचा टापू उत्तर कॅलिफोर्नियात एकमेकांवर येतो. दक्षिणेकडच्या प्रजातीला ‘ओपॅलेसेन्स’ हे १८६३ चे नाव परत मिळाले. त्यामुळे क्रासिकॉर्निसवरचा जुना शोधनिबंध हाती घेतला की नमुना कुठल्या किनाऱ्यावर गोळा केला होता, ती ओळ आधी शोधावी लागते.