मोबाइलवर शेक कसा देणार? : जुनाट कंबरदुखीच्या व्हिडिओ फिजिओथेरपीची पार्श्वभूमी

मराठवाड्यात फिजिओथेरपीला बोलीभाषेत 'शेक' म्हणतात. 'कमरेला दहा दिवस शेक सांगितलाय' असे म्हटले की पुढचे काही विचारावे लागत नाही. २०२० नंतर जुनाट कंबरदुखीवरचे उपचार व्हिडिओ कॉलवरून देण्याचे प्रयत्न या भागात सुरू झाले, तेव्हा वीज आणि रेंज यांच्याही आधी हा शब्द आडवा आला. शेक पडद्यातून देता येत नाही. मग पडद्यावरून जे मिळते त्याला उपचार का म्हणावे आणि त्याचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न रुग्णांच्या बाजूने रास्तच होता.

या शब्दाचे मूळ दवाखान्यापेक्षा जुने आहे. उसण भरली की तव्यावर तापवलेला निरगुडीचा पाला किंवा मिठाची पुरचुंडी, दुखणे हटेना तर बिब्ब्याचा डाग आणि त्यानेही भागले नाही तर पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाची हलकी लाथ, असा घरगुती क्रम होता. मुंबईत पोलिओच्या साथीनंतर, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले ते प्रामुख्याने स्नायूंना पुन्हा काम शिकवण्यासाठी. जिल्हा आणि तालुक्याच्या गावांपर्यंत ही शाखा पोहोचली तेव्हा मात्र रुग्णाच्या नजरेत भरले ते यंत्र. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून येणाऱ्या मुंग्या, जेल लावून फिरवले जाणारे अल्ट्रासाउंडचे डोके, कमरेला 'वजन लावणे' आणि घरी जाताना हातात पडणारा पट्टा या सगळ्याला घरच्या पुरचुंडीचे नाव चिकटले. व्यायामाचा कागद त्या बिलासोबत मिळत असे आणि बहुधा देव्हाऱ्यामागे जात असे.

संशोधनाची दिशा याच्या उलटी होती. अमेरिकेत १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कंबरदुखीसाठी सात दिवसांऐवजी दोनच दिवस अंथरुणावर काढलेल्या रुग्णांचे काही बिघडले नाही, उलट ते कामावर लवकर परतले. १९९५ साली फिनलंडमधील चाचणीत तर झेपेल तसे रोजचे काम चालू ठेवणारेच सर्वांत लवकर सावरले. ब्रिटनमधील २०१६ची मार्गदर्शक तत्त्वे कंबरदुखीसाठी पट्टा, ट्रॅक्शन (म्हणजे ते 'वजन लावणे'), अल्ट्रासाउंड आणि विद्युतप्रवाहाचे उपचार देऊ नयेत असे सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक पातळीवर जुनाट कंबरदुखीसाठी प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेतही पट्टा आणि ट्रॅक्शन नकोच्या यादीत आहेत, तर व्यायाम आणि रुग्णाला दुखणे समजावून सांगणे शिफारशींत आहे. म्हणजे पडद्यावरून जे देता येत नाही त्यातले बरेचसे मुळातच फारसे उपयोगाचे नव्हते. व्हिडिओवर टीका करताना ही बाजू सहसा बोलली जात नाही.

खरा गुंता झाला तो २५ मार्च २०२० या तारखेचा. देशभर टाळेबंदी लागू झाली त्याच दिवसाची तारीख असलेली टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे आली आणि दुरून सल्ला देण्याला प्रथमच स्पष्ट चौकट मिळाली. पण ती चौकट १९५६च्या वैद्यकीय परिषद कायद्याखालील नोंदणीकृत डॉक्टरांपुरती होती. परिचारिका आणि फिजिओथेरपिस्टांसारखे संलग्न आरोग्य व्यावसायिक यांचा विचार तिच्यात 'आरोग्य कर्मचारी' म्हणून होता, आणि आरोग्य कर्मचाऱ्याचे काम रुग्णाच्या वतीने डॉक्टरांशी संपर्क साधण्याचे. ज्याने पडद्यापलीकडे बसून रुग्णाकडून व्यायाम करून घ्यायचा, त्याची जागा या रचनेत पडद्याच्या अलीकडे, मदतनिसाची झाली. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टांसाठी २००२चा स्वतंत्र राज्य कायदा असताना हे झाले. मनाई कुठेच नव्हती, पण परवानगीही लिहिलेली नव्हती. काहींनी सत्रे सुरू केली, काहींनी व्हॉट्सॲपवर चित्रफिती पाठवून त्यालाच 'ऑनलाइन फिजिओथेरपी' म्हटले. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. थेट सत्रात समोरचा माणूस कुठे अडखळतो ते दिसते आणि व्यायाम बदलता येतो. चित्रफीत सगळ्यांना एकच सांगते. नियमात शब्दच नसल्याने दोन्ही एकाच नावाने चालले.

२०२१च्या केंद्रीय कायद्याने फिजिओथेरपीला वेगळा व्यवसायगट मानले आणि स्वतंत्रपणे व्यवसाय करण्याची मुभा मान्य केली. त्यानंतरही वादाची धार गेली ती नावामागे. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी 'डॉ.' ही उपाधी लावू नये असे पत्र निघाले आणि लगेच मागेही घेतले गेले. पडद्यावरच्या नावाआधी काय लिहावे यावर जितकी शाई खर्च झाली, तितकी पडद्यावर काय करावे यावर झाली नाही.

प्रत्यक्षात सत्र कसे होते ते पाहिले की अडचणी वेगळ्याच दिसतात. गेवराई किंवा जिंतूरकडच्या घरात फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला जातो आणि पालथे झोपताच पलीकडे फक्त पत्र्याचे छत दिसते. मग नात फोन धरते. कॅमेऱ्यासमोर पालथे झोपायला साडीतल्या बाईला संकोच वाटतो, तेव्हा उभ्याने भिंतीला हात टेकून मागे वाकण्याचा व्यायाम निवडावा लागतो. पायातील बधिरपणा किंवा कमी झालेली ताकद पडद्यावरून नीट तपासता येत नाही. लघवीवरचा ताबा जाणे, ताप, अकारण घटलेले वजन या धोक्याच्या खुणांची विचारणा करता येते, हात लावता येत नाही. म्हणून पहिली भेट दवाखान्यात आणि पुढची सत्रे घरून, ही मिश्र पद्धत अधिक सुरक्षित ठरते. २०२४ साली ऑस्ट्रेलियात ३९४ जणांवर झालेल्या चाचणीत व्हिडिओवरील उपचार समोरासमोरच्या उपचारांपेक्षा कमी पडले नाहीत, मात्र ती गुडघेदुखीची होती, कंबरेची नव्हे.

बीडच्या ऊसतोड कुटुंबांसाठी हा प्रश्न हंगामाचाही आहे. दिवाळीनंतर कोयता घेऊन फडावर गेलेल्या बाईला दवाखान्याची रोजची फेरी शक्य नसते आणि संध्याकाळी फोनवर मिळालेली वीस मिनिटे शक्य असतात. पण डोक्यावरून मोळी वाहून ट्रकवर चढवण्याचे काम दुसऱ्या दिवशी पहाटे तसेच उभे असते, आणि सुट्टी घेतली की खाड्याचे, म्हणजे गैरहजेरीचे, पैसे कापले जातात.