माउंट करताना होणारी मेटाडेटा पडताळणी

फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची रचना) माउंट करताना, म्हणजे वापरासाठी जोडून घेताना, डिस्कवरच्या नोंदी वापरायला घेण्याआधी त्या सुसंगत आणि मर्यादेत आहेत ना, याची कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जी खातरजमा करतो तिला मेटाडेटा पडताळणी म्हणतात. मेटाडेटा म्हणजे फाइलमधला मजकूर नव्हे, तर तो मजकूर कुठे ठेवला आहे हे सांगणाऱ्या नोंदी: सुपरब्लॉक (संपूर्ण फाइल सिस्टिमची मुख्य नोंद), ब्लॉकगटांचे (डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांच्या गटांचे) तक्ते, आयनोड (एकेका फाइलची नोंद), मोकळ्या जागेचे नकाशे, जर्नल (बदलांची नोंदवही). या नोंदी याच कर्नलने लिहिल्या असतील असे नाही. पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावरून आलेला असतो, इमेज फाइल कुणी मुद्दाम घडवलेली असू शकते आणि जुन्या डिस्कवर बिट उलटतात. त्यामुळे डिस्कवरून आलेला प्रत्येक आकडा परका समजूनच वाचावा लागतो.

लिनक्समधल्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये सुपरब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीचे १०२४ बाइट सोडून सुरू होतो. त्याच्या ५६व्या बाइटपासून दोन बाइटांची ठरलेली खूण असते, हेक्साडेसिमलमध्ये ईएफ५३. ती जुळली नाही तर कर्नल पुढे जातच नाही. पण खूण जुळली म्हणजे फक्त ओळख पटली, खरे काम पुढेच असते. ब्लॉकचा आकार थेट बाइटांत लिहिलेला नसतो. १०२४ ला दोनने किती वेळा गुणायचे तेवढाच आकडा असतो, आणि तो ६ च्या वर, म्हणजे ब्लॉक ६४ किलोबाइटच्या वर गेला, तर माउंट नाकारले जाते. सुपरब्लॉक सांगतो तितके ब्लॉक मुळात उपकरणावर आहेत का, हेही ताडून पाहिले जाते. नव्या सुविधांसाठी बिटांचे तीन संच असतात. पहिल्यातला अनोळखी बिट दुर्लक्षिला तरी चालतो, दुसऱ्यातला दिसला तर फक्त वाचण्यापुरते माउंट होते, तिसऱ्यातला दिसला तर माउंटच होत नाही. जुन्या कर्नलने नव्या रचनेची नासाडी करू नये यासाठीची ही सोय फार विचारपूर्वक केलेली आहे.

तपासणी कुठे करायची याला किती महत्त्व आहे, ते ईएक्सटी४ मधल्याच एका दोषावरून कळते. किती ब्लॉकगट एकत्र बांधायचे हे सांगणारा एक बाइटाचा घातांक सुपरब्लॉकमध्ये असतो. कर्नल १ ला तितके बिट डावीकडे सरकवत असे (म्हणजे तितक्या वेळा दोनने गुणत असे), उत्तर शून्य आले का ते पाहत असे आणि मग त्या उत्तराने भागाकार करत असे. घातांक ३६ असेल तर? पॉवरपीसी प्रोसेसरवर उत्तर शून्य येते. एक्स८६ प्रोसेसर मात्र घातांकाचे खालचे पाचच बिट बघतो, ३६ चे ४ धरतो आणि १६ हे साळसूद उत्तर देतो. शिवाय सी भाषेत असे सरकवणे अव्याख्यात (भाषेच्या नियमांत उत्तर न ठरलेले) असल्यामुळे, ‘१ सरकवून शून्य येणारच नाही’ असे मानून कंपायलर (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन) ती तपासणीच काढून टाकू शकतो. शून्याने भागाकार होण्याचा मूळ दोष सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२००९-४३०७ म्हणून नोंदला गेला होता. उत्तर तपासण्याची ही त्यावरची दुरुस्ती अपुरी ठरली आणि सीव्हीई-२०१२-२१०० ही दुसरी नोंद करावी लागली. उपाय साधा होता: सरकवण्याआधीच घातांक १ ते ३१ मध्ये आहे का ते पाहणे. तपासायचा तो डिस्कवरचा मूळ आकडा. त्यावरून काढलेले उत्तर तपासेपर्यंत उशीर झालेला असतो.

ईएक्सटी४ मध्ये मेटाडेटासाठी चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) २०१२ साली आले. एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमच्या पाचव्या आवृत्तीत चेकसमसोबत प्रत्येक मेटाडेटा ब्लॉकमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता आणि फाइल सिस्टिमची ओळखही लिहिलेली असते, त्यामुळे बरोबर मजकूर चुकीच्या जागी लिहिला गेला तरी पकडता येतो. मात्र यासाठी वापरल्या जाणाऱ्या सीआरसी३२सी या चेकसमच्या पद्धतीत कोणतीही गुप्त किल्ली नसते. इमेज बिघडवणारा चेकसमही नव्याने काढून लिहू शकतो. म्हणून चेकसम जुळल्यावरही आकड्यांच्या मर्यादा तपासाव्याच लागतात.

माउंटच्या वेळी सगळी डिस्क चाळणे शक्य नसते. एक्सएफएस आणि बीटीआरएफएस (आणखी एक फाइल सिस्टिम) बाकीचे ब्लॉक लागतील तसे वाचताना तपासतात, आणि डिस्कवर लिहिण्याआधीही. बिघाड सापडला की वापरणाऱ्याला बहुधा ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’ हा त्रुटी क्रमांक ११७ चा संदेश दिसतो. दुरुस्ती एफएससीकेसारख्या वेगळ्या साधनाने करायची असते. ब्लॉक ४ किलोबाइटचे असतील तर ईएक्सटी४ च्या सुपरब्लॉकची पहिली राखीव प्रत सहसा ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये सापडते, पण मूळ प्रत बिघडली म्हणून कर्नल आपणहून तिकडे वळत नाही. बिघडलेली डिस्क फक्त वाचण्यासाठी माउंट केली तरी जर्नलमधली अर्धवट कामे पुरी करताना ईएक्सटी४ तिच्यावर लिहितो, हेही लक्षात ठेवावे. डेटा वाचवायला बसलेल्या माणसाला हे उशिरा कळले तर महागात पडते.

तपासणी झाल्यानंतर खालची डिस्क बदलली तर काय, हा प्रश्न राहतो. माउंट केलेल्या ब्लॉक उपकरणावर दुसऱ्या प्रोग्रॅमने थेट लिहू नये, यासाठी लिनक्स ६.८ मध्ये २०२४ साली कर्नल बांधतानाच निवडायचा एक पर्याय आला. उपकरणच लबाड असेल आणि दर वाचनाला वेगळे उत्तर देत असेल, तर मात्र या पर्यायाचा उपयोग होत नाही. तिथे आकडा एकदाच वाचून स्मृतीत घ्यायचा, ती प्रत तपासायची आणि पुढे तीच वापरायची.