प्रोसेसर-शक्ती विजेट

लॅपटॉपच्या प्रोसेसरचा वेग व वीजवापर यांच्या मर्यादा डेस्कटॉपवरूनच बदलता याव्यात म्हणून पॅनेलवर बसवलेले छोटे नियंत्रण. लिनक्सवरील केडीई प्लाझ्मा व ग्नोम या डेस्कटॉपांवर ते रूढ आहे. विजेट प्रोसेसरला थेट हात लावत नाही. कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) सिसएफएस या मेमरीतील आभासी फाइलव्यवस्थेत खुल्या केलेल्या फायलींत ते आकडे किंवा शब्द लिहिते आणि तेथूनच वाचून दाखवते.

कल्पनेचा उगम कोठे धरावा, हे ‘वेगनियंत्रण’ कशाला म्हणायचे यावर ठरते. बाजारात आलेले तंत्र पाहिले तर २००० हे वर्ष येते : इंटेलचे स्पीडस्टेप, एएमडीचे पॉवरनाऊ आणि ट्रान्समेटाचे लाँगरन त्याच वर्षीचे. मात्र मूळ स्पीडस्टेपला दोनच पायऱ्या होत्या. ६५० मेगाहर्ट्‌झचा मोबाइल पेंटियम ३ भिंतीच्या विजेवर १.६ व्होल्टवर चाले, बॅटरीवर ५०० मेगाहर्ट्‌झ व १.३५ व्होल्टवर उतरे. गतिज वीजवापर, म्हणजे प्रत्यक्ष काम करताना होणारा, वारंवारता गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात बदलतो. म्हणून वेग सुमारे ७७ टक्क्यांवर येताना वीजवापर सुमारे ५५ टक्क्यांवर येई. पण येथे कामाचा भार कोणी पाहत नव्हते, फक्त वीज कोठून येते ते पाहिले जाई. भार पाहून वेग व व्होल्टेज दोन्ही उतरवावेत आणि तो निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमने घ्यावा, ही मांडणी झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातील मार्क वायझर व सहकाऱ्यांच्या १९९४च्या शोधनिबंधात आढळते. आजची विजेटे ज्या यंत्रणेवर उभी आहेत तिचे मूळ तेथे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

लिनक्समध्ये ही यंत्रणा सीपीयूफ्रीक नावाने २.६ मालिकेत स्थिरावली. वेग ठरवणाऱ्या धोरणाला तिच्यात गव्हर्नर म्हणतात. सर्वाधिक गोंधळ ‘पॉवरसेव्ह’ या नावाने होतो. सामान्य सीपीयूफ्रीकमध्ये हा गव्हर्नर वेग किमान मर्यादेला बांधून टाकतो. कर्नल ३.९मध्ये (२०१३) आलेल्या इंटेल पीस्टेट ड्रायव्हरच्या (इंटेल प्रोसेसरचा वेग हाताळणाऱ्या कर्नलच्या भागाच्या) सक्रिय पद्धतीत मात्र त्याच नावाचा गव्हर्नर भारानुसार वेग चढवतो-उतरवतो. म्हणजे स्वभावाने तो ‘ऑनडिमांड’ या भार पाहून वेग ठरवणाऱ्या सामान्य गव्हर्नरच्या जवळचा. ‘पॉवरसेव्ह’ दिसले म्हणून लॅपटॉप मंद चालतो आहे असे समजून ‘परफॉर्मन्स’ हा वेगाला प्राधान्य देणारा गव्हर्नर निवडणारा उगाच बॅटरी घालवतो. स्कायलेक पिढीपासून (२०१५) वेगाची निवड प्रोसेसर स्वतः करू शकतो. अशा वेळी कर्नल फक्त कल सांगतो : ० ते २५५ या मापावर ० म्हणजे वेगाकडे, २५५ म्हणजे बचतीकडे. विजेटमधील ‘ऊर्जा-पसंती’ ती हीच.

कमाल कार्यशक्तीची पट्टी टक्क्यांत असते आणि टक्के टर्बोसह (गरजेपुरत्या वाढीव वेगासह) सर्वोच्च वेगाचे धरतात. ४ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरवर ६० टक्के म्हणजे साधारण २.४ गिगाहर्ट्‌झ. टर्बोची फाइल उलट अर्थाची आहे : तिचे नाव ‘नो टर्बो’, म्हणून १ लिहिले की टर्बो बंद. एएमडीसाठी स्वतंत्र पीस्टेट ड्रायव्हर कर्नल ५.१७मध्ये (२०२२) आला. विंडोज १०मध्ये तत्सम सरकपट्टी २०१७पासून बॅटरीच्या चिन्हाखाली आहे.

या फायलींत लिहिण्याचा अधिकार फक्त रूटला, म्हणजे सर्वाधिकारी प्रशासक खात्याला, असतो. विजेट म्हणून एक मदतनीस स्क्रिप्ट पोलकिट या परवानगी तपासणाऱ्या यंत्रणेमार्फत रूट म्हणून चालवते. पासवर्ड दर वेळी विचारला जाऊ नये म्हणून नियम लिहिला, तर ती स्क्रिप्ट रूटच्या मालकीची व इतरांना न बदलता येणारी असलीच पाहिजे. घरच्या फोल्डरात ठेवल्यास वापरकर्त्याच्या खात्यातील कोणताही प्रोग्राम तिच्यात बदल करून रूटचे अधिकार मिळवू शकतो. ही चूक सर्वांत गंभीर, आणि करायला सर्वांत सोपी.

लिहिलेले मूल्य टिकले नाही, तर आधी दुसरा लिहिणारा शोधावा. टीएलपी आणि पॉवर-प्रोफाइल्स-डेमन हे वीजवापर सांभाळणारे दोन प्रोग्राम एकत्र चालू असल्यास चार्जर लावता-काढता एकाचे मूल्य दुसरा पुसतो. दोहोंपैकी एकच ठेवावा. रीस्टार्टनंतर मूल्ये मूळपदावर जाणे हा बिघाड नव्हे, सिसएफएस डिस्कवर साठत नाही. गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’ असताना ऊर्जा-पसंती बदलू गेल्यास इंटेल ड्रायव्हर ‘डिव्हाइस व्यस्त’ अशी त्रुटी देतो. त्यासाठी आधी गव्हर्नर ‘पॉवरसेव्ह’वर आणावा, मग पसंती लिहावी आणि फाइल पुन्हा वाचून ती खरोखर बदलली का ते पाहावे.